चाळीस सेकंदांचा हिशेब

९ सप्टेंबर २०१३ची रात्र. वॉशिंग्टन शहराजवळच्या लँडोव्हरच्या स्टेडियममध्ये फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ हंगामातला पहिला सामना खेळत होता. पूर्वार्धाच्या ३० मिनिटांत ईगल्सच्या आक्रमणाने ५३ चाली खेळल्या. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, एखादा संघ पूर्ण सामन्यात साधारण साठ-पासष्ट चाली खेळतो. ईगल्सनी एका सामन्याचे काम अर्ध्या सामन्यात उरकत आणले होते. मध्यंतराला गुणफलक २६-७ असा त्यांच्या बाजूने होता. लेशॉन मॅकॉय या धावपटूने त्या रात्री धावत १८४ यार्ड काढले. संघाचे प्रशिक्षक होते चिप केली. वय ४९, आणि एनएफएलमधला हा त्यांचा पहिलाच सामना. ओरेगन विद्यापीठात चार वर्षे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी ४६ सामने जिंकले होते आणि फक्त ७ गमावले होते. महाविद्यालयीन मैदानावरचा तो झंझावात व्यावसायिक मैदानावर चालेल का, या प्रश्नाचे उत्तर एका रात्रीत मिळाले, असे अनेकांना वाटले.

त्याच सामन्याच्या उत्तरार्धात वॉशिंग्टनने अंतर कापत कापत गुणफलक ३३-२७ पर्यंत आणला, याकडे मात्र फार कोणाचे लक्ष गेले नाही.

पुढे तिसऱ्याच हंगामात केलींना काढून टाकण्यात आले, आणि त्यावरून ‘कॉलेजचा वेग व्यावसायिक खेळात टिकत नाही’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. तो निष्कर्ष अर्धवट आहे. हा वेग महाविद्यालयांनी शोधलेलाच नाही. तो शंभराहून अधिक वर्षे जुना आहे, व्यावसायिक खेळात तो दोन-तीनदा येऊन गेला आहे आणि काही वेळा उत्तम चाललाही आहे. तो कुठे चालला आणि कुठे पडला हे पाहिले, तर दोष वेगाचा नव्हता हे दिसते. तो वेग कोणाच्या हातात होता, यावर सगळे ठरत आले आहे.

खेळाची रीत थोडक्यात अशी. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. गेले की पुन्हा चार प्रयत्न; याला ‘फर्स्ट डाऊन’ म्हणतात. दोन चालींच्या मध्ये ४० सेकंदांचे घड्याळ चालते. त्या वेळात अकरा खेळाडू गोल करून उभे राहतात, क्वार्टरबॅक पुढची चाल सांगतो, मग सगळे रांगेत येतात आणि चेंडू मागे दिला जातो. त्या गोलाला ‘हडल’ म्हणतात आणि चेंडू मागे देण्याला ‘स्नॅप’. घाईच्या पद्धतीत हा गोल करायचाच नाही. चाल संपली की पळत रांगेत यायचे आणि लगेच स्नॅप. कबड्डीत एकाच संघाने लागोपाठ चढाया करायच्या आणि समोरच्यांना साखळी धरायलाही सवड द्यायची नाही, असा नियम असता तर बचावाची जी गत झाली असती, तीच इथे होते. दमछाक होते, जागा चुकतात. शिवाय आक्रमकांनी गडी बदलला नाही तर बचावालाही निवांतपणे बदलता येत नाही. तिसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवलेला ताजा गडी कडेलाच उभा राहतो आणि थकलेला गडी मैदानात अडकून पडतो.

मुळात हा खेळ हडलशिवायच खेळला जात असे. हडल सुरू झाले ते १८९०च्या दशकात, आणि त्याचे श्रेय वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाला दिले जाते. तिथला क्वार्टरबॅक पॉल हबर्ड खुणांच्या भाषेत चाल सांगत असे. समोरही कर्णबधिरांचाच संघ असला की त्या खुणा त्यांनाही कळत. म्हणून त्याने आपल्या गड्यांना गोलात घेतले आणि हात झाकले. गुपित राखण्याची ही सोय पुढे सगळ्या देशाने उचलली.

१९०१ मध्ये मिशिगन विद्यापीठात फील्डिंग योस्ट नावाचे प्रशिक्षक आले. त्यांचे टोपणनावच ‘हरी अप’ होते. खेळाडू जमिनीवरून उठत असतानाच पुढच्या चालीचे संकेत द्यायचे, ही त्यांची शिस्त. त्या हंगामात मिशिगनने ५५० गुण केले आणि एकही गुण दिला नाही. १ जानेवारी १९०२ला कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे पहिला रोझ बोल झाला, त्यात स्टॅनफर्ड ४९-० असे मागे पडले. वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डच्या कर्णधाराने खेळ थांबवण्याची विनंती केली. मिशिगनचे तेच अकरा गडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानात होते.

तेव्हाच्या वेगाचा अर्थ सरळ होता: ज्याचा दम जास्त तो जिंकेल. १९५०पासून एनएफएलमध्ये हवे तितके बदल करायला मुभा मिळाली आणि खेळाची घडी बदलली. आक्रमणाचे गडी वेगळे, बचावाचे वेगळे, त्यातही धाव अडवणारे वेगळे आणि पास अडवणारे वेगळे. प्रत्येक चालीला योग्य माणूस आत पाठवायचा तर दोन चालींमधली ती फुरसत हवीच. आता हडल टाळणे म्हणजे समोरच्या प्रशिक्षकाच्या हातातली ही सोयच काढून घेणे. वेगाला नवा अर्थ मिळाला तो इथे.

व्यावसायिक खेळात तो पहिल्यांदा लखलखीत दिसला २८ डिसेंबर १९५८ला, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये. अजिंक्यपदाचा सामना, बाल्टिमोर कोल्ट्स तीन गुणांनी मागे, सुमारे दोन मिनिटे उरलेली, आणि चेंडू स्वतःच्या १४ यार्डांच्या रेषेवर. क्वार्टरबॅक जॉनी युनायटसने रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास दिले, एकूण ६२ यार्डांचे. सात सेकंद उरले असताना फील्ड गोल झाला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत कोल्ट्स २३-१७ने जिंकले. युनायटस आपल्या चाली स्वतः ठरवत असे. कडेवरून कोणी काही सांगत नव्हते. पुढची तीस वर्षे ही पद्धत सगळ्यांनी सांभाळली, पण फक्त शेवटच्या दोन मिनिटांसाठी. अडचणीच्या वेळी उघडायची पेटी, इतकेच तिचे स्थान राहिले.

ही पेटी सामनाभर उघडी ठेवायची हिंमत केली सॅम वाइश यांनी. १९८८च्या हंगामात सिनसिनाटी बेंगल्सचे हे प्रशिक्षक आपल्या गड्यांना रेषेच्या अगदी जवळ गोळा करत, आणि बचावाने गडी बदलायला सुरुवात केली रे केली की क्वार्टरबॅक बूमर एसाइसन लगेच स्नॅप घेई. समोर बारा माणसे मैदानात सापडली की दंड त्यांना. प्रतिस्पर्धी वैतागले. सिएटलच्या सामन्यात बचावपटू दुखापतीचा बहाणा करून आडवे पडू लागले. पुढच्या फेरीत गाठ होती बफेलो बिल्सशी, आणि त्यांचे प्रशिक्षक मार्व्ह लेव्ही यांनी या पद्धतीविरुद्ध तक्रार केली. ८ जानेवारी १९८९ला सामना सुरू व्हायला जेमतेम दोन तास असताना लीगने वाइश यांना निरोप दिला: ही युक्ती वापरलीत तर १५ यार्डांचा दंड होईल. हंगामभर चाललेली, कोणत्याही नियमात न अडवलेली गोष्ट उपांत्य सामन्याच्या दिवशी अशी बंद करणे हा उघड अन्याय होता. बेंगल्स तरीही २१-१०ने जिंकले. अजिंक्यपदाचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, मात्र त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोकडे २०-१६ असा गमावला.

यानंतर जे घडले ते फार बोलके आहे. ज्यांनी तक्रार केली त्या लेव्हींच्या बिल्सनीच ही पद्धत उचलली आणि तिला पूर्णत्वाला नेले. टेड मार्चिब्रोडा हे त्यांच्या आक्रमणाचे सूत्रधार, जिम केली क्वार्टरबॅक, थर्मन थॉमस धावपटू, आंद्रे रीड पास झेलणारा. पद्धतीला ‘के-गन’ नाव पडले ते संघातल्या कीथ मॅकेलर या खेळाडूच्या आद्याक्षरावरून. जिम केलीवरून पडले असा बऱ्याच जणांचा समज असतो. यातली कळीची गोष्ट अशी की चाली जिम केली स्वतः ठरवत असे. रेषेवर उभा राहून, समोरच्या बचावाची मांडणी डोळ्यांनी टिपून, तिथल्या तिथे. २० जानेवारी १९९१ला बिल्सनी रेडर्सना ५१-३ असे धुऊन काढले. १९९० ते १९९३ असे सलग चार हंगाम ते सुपर बोलपर्यंत गेले. दुसऱ्या कोणत्याही संघाला ते जमलेले नाही.

चारही वेळा ते हरले, हेही खरे. त्यातला पहिला पराभव वेगाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा. २७ जानेवारी १९९१, टँपा. समोर न्यूयॉर्क जायंट्स, आणि जायंट्सच्या बचावाचे सूत्रधार होते ३८ वर्षांचे बिल बेलिचिक. त्यांनी आपल्या बचावपटूंना सांगितले की थॉमसला धावू द्या. फुटबॉलमध्ये जन्म घालवलेल्या, धाव अडवण्यात अभिमान मानणाऱ्या खेळाडूंना हे पचणे सोपे नव्हते. पण योजना पक्की होती. पुढे दोन-तीनच दांडगे गडी, मागे पास अडवणाऱ्यांची गर्दी, आणि पास झेलणाऱ्या प्रत्येकाला जोरात धडक. थॉमसने १३५ यार्ड काढले, पण धावत धावत जाणारे आक्रमण पाससारखे एका फटक्यात गुण देत नाही. दुसरीकडे जायंट्सच्या आक्रमणाने चेंडू अक्षरशः कुशीत घेऊन ठेवला. उत्तरार्ध सुरू होताच त्यांनी १४ चालींचा, ७५ यार्डांचा डाव रचला आणि त्यात साडेनऊ मिनिटे खर्च केली. सामन्याच्या ६० मिनिटांपैकी ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू जायंट्सकडे होता. बिल्सचे बचावपटू दमून गेले. स्कॉट नॉरवुडची शेवटची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि जायंट्स २०-१९ने जिंकले. बेलिचिक यांचा त्या सामन्याचा आराखडा आज कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवला आहे.

घाईच्या आक्रमणाची उधारी इथे पहिल्यांदा लख्ख दिसली. तीन चालींत गुण मिळाले तर उत्तम. तीन चालींत काहीच मिळाले नाही, तर मिनिटभरात चेंडू परत द्यावा लागतो आणि नुकताच बाकावर टेकलेला आपला बचाव पुन्हा मैदानात धावतो. दम समोरच्यांचा जाईल की आपलाच, हे आक्रमण किती चालते यावर ठरते.

तरीही बिल्सची कहाणी ही अपयशाची कहाणी नव्हे. त्या पहिल्या पराभवात एका किकचाच फरक होता.

व्यावसायिक प्रशिक्षकांनी यातून सावध राहण्याचा धडा घेतला. वेग पुन्हा वाढला तो भलतीकडेच, लहान गावांच्या मैदानांवर. हॅल मम्मी आणि माइक लीच यांनी १९८९ मध्ये आयोवा वेस्लियन या छोट्याशा महाविद्यालयात चेंडू सतत हवेतून फेकण्याची पद्धत बसवायला घेतली. ती पुढे ‘एअर रेड’ म्हणून गाजली. रिच रॉड्रिग्ज वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेटमध्ये होते. गस मालझान अर्कान्सासमध्ये शाळेच्या मुलांना शिकवत होते. त्यांनी २००३ मध्ये हडलरहित आक्रमणावर पुस्तकच लिहिले. चिप केली न्यू हॅम्पशायरमध्ये आक्रमण सांभाळत होते. यांपैकी कोणाकडेही देशातले सर्वांत धिप्पाड खेळाडू येत नसत. समोरचा आपल्यापेक्षा वजनदार असेल तर त्याला पळवून दमवणे हाच मार्ग. ही गरिबाची युक्ती होती, आणि ती मनापासून शोधलेली होती.

महाविद्यालयीन नियमही तिला अनुकूल होते. तिथे फर्स्ट डाऊन मिळाला की मोजणीची साखळी हलेपर्यंत घड्याळ थांबत असे. २०२३पासून हे फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत होते. चेंडू ठेवण्याच्या रेषांमध्ये तिथे ४० फुटांचे अंतर असते, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा फुटांचे. म्हणजे महाविद्यालयात चेंडू मैदानाच्या एका कडेला ठेवला की दुसरीकडे मोकळे रान मिळते. धाव आणि पास दोन्हींचा पर्याय असलेल्या चालीत पुढच्या फळीतले गडी तिथे तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. आणि शंभराच्या वर खेळाडू हाताशी असतात, तर एनएफएलच्या संघात त्रेपन्न.

केलींनी ओरेगनमध्ये ही युक्ती कारखान्यासारखी चालवली. सरावात कर्कश संगीत लावलेले असे आणि चूक समजावण्यासाठी सराव थांबवला जात नसे. समजावणे नंतर, चित्रफीत पाहताना. सामन्यात कडेला उभे राहून राखीव खेळाडू मोठमोठे फलक उंच धरत. एका फलकावर चार चित्रे: कुठे ओळखीच्या माणसाचा चेहरा, कुठे एखादे चिन्ह. एका नजरेत अकरा जणांना पुढची चाल समजे. क्वार्टरबॅकने कडेकडे पाहायचे, चित्र वाचायचे, स्नॅप घ्यायचा. विचार करायचे काम कडेवर झालेले असे. एका सामन्यात ऐंशीच्या आसपास चाली होत.

या यंत्राला कोण अडवते, हे तेव्हाही दिसत होते. १ जानेवारी २०१०च्या रोझ बोलमध्ये ओहायो स्टेटने ४१ मिनिटांहून अधिक वेळ चेंडू स्वतःकडे ठेवला आणि २६-१७ने जिंकले. जानेवारी २०११ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी ऑबर्नशी गाठ पडली. ऑबर्नला तयारीसाठी महिन्याहून अधिक काळ मिळाला होता. ओरेगनला त्या सामन्यात धावत अवघे ७५ यार्ड काढता आले, आणि शेवटच्या किकवर ऑबर्न २२-१९ने जिंकले. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्टॅनफर्डने त्यांना त्यांच्याच मैदानावर १७-१४ असे हरवले. तयारीला वेळ असलेला, पुढची फळी भक्कम असलेला संघ ओरेगनला रोखू शकत होता. एनएफएलमध्ये पुढची फळी सगळ्यांचीच भक्कम असते, आणि तयारी हाच प्रत्येकाचा पूर्णवेळचा धंदा असतो.

याच काळात एनएफएलमध्ये वेग पुन्हा जोरात होता, पण वेगळ्या तऱ्हेने. इंडियानापोलिसमध्ये क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग कित्येक वर्षे हडलशिवाय खेळत होता. तो रेषेवर यायचा, हातवारे करायचा, समोरच्यांना आपले पत्ते उघडायला लावायचा आणि मग चाल बदलायचा. कधी झटपट स्नॅप, कधी घड्याळ संपेपर्यंत थांबणे. बेलिचिक आता न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचे मुख्य प्रशिक्षक होते. टँपात वेगाला ज्यांनी बांधले, त्यांनीच केलींशी बसून वेगाचा अभ्यास केला. लांबलचक नावांच्या चाली त्यांनी एका शब्दात आणल्या आणि २०१२ मध्ये क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या आक्रमणाने ४४४ फर्स्ट डाऊन मिळवून लीगचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी, आता डेन्व्हरला गेलेल्या मॅनिंगच्या ब्राँकोजनी हंगामात ६०६ गुण केले, हाही विक्रमच. सुपर बोलमध्ये सिएटलच्या बचावाने त्यांना ४३-८ असे चिरडले, त्यामुळे ‘वेग जिंकत नाही’ म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला. पण हंगामभर सर्वांत धोकादायक असलेले आक्रमण एका सामन्यात पडले, म्हणून पद्धत खोटी ठरत नाही.

केलींचे पहिले वर्ष या लाटेवरच आले. २०१३ मध्ये ईगल्सनी १६पैकी १० सामने जिंकले, गटात पहिले आले. मॅकॉय १,६०७ यार्डांसह लीगमध्ये अव्वल ठरला. क्वार्टरबॅक निक फोल्सने २७ टचडाऊन पास दिले आणि फक्त २ पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले. ऑकलंडच्या एकाच सामन्यात त्याने सात टचडाऊन दिले होते. खेळाडूंच्या झोपेचे मोजमाप, प्रत्येकासाठी वेगळे पेय, नौदलाच्या खास पथकांबरोबर काम केलेला क्रीडाविज्ञानाचा तज्ज्ञ, असे सगळे नवे वारे होते. पण चेंडू ताब्यात ठेवण्याच्या वेळेत ईगल्स तिन्ही हंगाम लीगमध्ये शेवटचे राहिले.

२०१४च्या थँक्सगिव्हिंगला डॅलसला ३३-१० हरवून ते ९-३ वर, म्हणजे ९ विजय आणि ३ पराभवांवर होते. मग सिएटल फिलाडेल्फियात आले. सिएटलने जवळजवळ ४२ मिनिटे चेंडू ठेवला आणि ईगल्सच्या आक्रमणाला पूर्ण सामन्यात १३९ यार्डांवर रोखले. तिथून लागोपाठ तीन पराभव, आणि १०-६ असूनही बाद फेरी हुकली. २०१५च्या सुरुवातीला खेळाडू निवडण्याचे सर्व अधिकार केलींकडे आले. त्यांनी मॅकॉयला बफेलोला पाठवले, फोल्सला सेंट लुईसला, आणि डॅलसचा डीमार्को मरे आणला, ज्याने आदल्या वर्षी १,८४५ यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. २० सप्टेंबरला हाच मरे आपल्या जुन्या संघासमोर उतरला. १३ वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याचे यार्ड भरले २. पूर्ण संघाचे धावतचे यार्ड ७. एका यार्डाला तीन फूट, म्हणजे साठ मिनिटांत २१ फूट. डॅलसचे बचावपटू चाल सुरू होण्याआधीच योग्य जागी पोचत होते. झटपट खेळायचे तर चालींची संख्या कमी आणि मांडणी ठरलेली हवी. खेळाडू कोणत्या बाजूला उभा आहे यावरून चाल कुठे जाणार हे उघड होत होते. ईगल्सच्या पुढच्या फळीत खेळलेल्या एव्हन मॅथिसने आक्रमण ओळखता येण्याजोगे झाल्याचे जाहीरपणे सांगितले. २९ डिसेंबर २०१५ला, हंगामाचा एक सामना बाकी असताना, केलींना काढण्यात आले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्या संघाने २ सामने जिंकले, १४ गमावले, त्यात लागोपाठ १३. धाव अडवण्यात तो संघ लीगमध्ये शेवटचा होता.

या दोन धाग्यांतला फरक इथे स्पष्ट होतो. युनायटस, जिम केली, मॅनिंग, ब्रेडी या चौघांच्या हातात वेग होता. बचाव काय करतो आहे ते पाहून ते वेग वाढवत, कमी करत, चाल फिरवत. चिप केलींच्या पद्धतीत वेग आधीच ठरलेला होता आणि क्वार्टरबॅक तो पाळत होता. महाविद्यालयात वीस वर्षांच्या मुलाला हेच योग्य. त्याला आठवड्यातून मोजके तासच शिकवता येते. पण व्यावसायिक बचावपटू ठरलेल्या गोष्टीची सवय दोन हंगामांत करून घेतो. घाई त्याला पहिल्या वर्षी गोंधळात टाकते, दुसऱ्या वर्षी नाही.

क्लिफ किंग्सबरी यांचा प्रवास याला पुष्टी देतो. लीच यांच्या हाताखाली खेळलेले, टेक्सास टेकमध्ये पॅट्रिक माहोम्सला घडवलेले हे प्रशिक्षक २०१९ मध्ये अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडे आले, तेव्हा महाविद्यालयातला त्यांचा हिशेब ३५ विजय, ४० पराभव असा होता. हंगामापूर्वीच्या सराव सामन्यातच पंचांनी त्यांच्या नव्या क्वार्टरबॅकला, कायलर मरेला, दंड केला. कारण त्याची टाळी. महाविद्यालयात टाळी वाजवून स्नॅप मागण्याची रीत आहे. एनएफएलच्या पंचांच्या मते ती झटक्याने वाजवली तर समोरच्यांना फसवण्याची हालचाल ठरते. २०२१ मध्ये अ‍ॅरिझोनाने पहिले सात सामने जिंकले, ११-६ने हंगाम संपवला, बाद फेरीत रॅम्सकडून ३४-११ने मार खाल्ला, आणि पुढच्या वर्षी ४-१३ वर घसरून किंग्सबरी गेले. तेच २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या आक्रमणाचे सूत्रधार झाले. हाताशी नवखा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स. हडलशिवाय सर्वाधिक खेळणारा संघ तोच होता, पण दर वेळी घाई करत नव्हता. रांगेत लवकर यायचे, बचावाला गडी बदलू द्यायचे नाहीत आणि मग डॅनियल्सला समोरची मांडणी वाचायला पूर्ण वेळ द्यायचा. आदल्या वर्षी ४-१३ असलेला संघ १२-५ झाला आणि उपांत्य सामन्यापर्यंत गेला.

केलींच्या हातून निसटलेल्या फिलाडेल्फियातही महाविद्यालयाचा वारसा उरला होता. ४ फेब्रुवारी २०१८ला ईगल्सनी पेट्रिअट्सना ४१-३३ असे हरवून पहिला सुपर बोल जिंकला. क्वार्टरबॅक होता परत आलेला निक फोल्स, ३७३ यार्ड. प्रशिक्षक डग पीडरसन यांनी त्याच्यासाठी धाव आणि पास यांतला निर्णय स्नॅपनंतर क्वार्टरबॅकवर सोडणाऱ्या चाली भरपूर ठेवल्या होत्या. या चाली महाविद्यालयांतून आल्या, आणि त्यांत निर्णय खेळाडूचा असतो. म्हणूनच त्या टिकल्या.

केली स्वतःही बदलले. २०२४ मध्ये ते ओहायो स्टेटचे आक्रमण पाहत होते. २० जानेवारी २०२५ला अटलांटात त्या संघाने नोत्र दामला ३४-२३ने हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, आणि तो संघ सावकाश, निवडक चाली खेळणाऱ्यांपैकी होता. त्यानंतर ते लास व्हेगास रेडर्सकडे गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हंगाम संपण्याआधीच त्यांना निरोप मिळाला.

तेव्हा महाविद्यालयीन वेग व्यावसायिक मैदानावर चालतो का, याचे उत्तर ‘हो’ असेच आहे. फक्त घड्याळाची किल्ली क्वार्टरबॅककडे हवी. फेब्रुवारीतल्या सोमवारी पहाटे भारतात सुपर बोल पाहायला बसलात आणि एखादा संघ हडल न करता रांगेत आला, तर चेंडूकडे पाहू नका. क्वार्टरबॅक कडेकडे बघतो आहे की समोरच्या बचावाकडे, एवढे पाहा.